रुग्णाला ९५ टक्के, शासनाला ‘शक्यतोवर’

शासकीय एआरटी केंद्रात एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या नावे जे उपचारपत्रक ठेवले जाते, त्यात टक्केवारीचाही हिशेब असतो. मागच्या भेटीत दिलेल्या गोळ्यांपैकी किती घेतल्या गेल्या, हे त्यात नोंदवायचे असते. आकडा ९५ च्या वर असेल तर रुग्ण नियमित समजला जातो. तो ८० ते ९५ च्या दरम्यान असेल तर समुपदेशकाने कारण विचारायचे, आणि ८० च्या खाली उतरला तर धोक्याची खूण करायची. या हिशेबाबद्दल आमची तक्रार नाही. असा हिशेब ठेवलाच पाहिजे. आमची तक्रार आहे ती त्याच्या शेजारी दुसरा रकाना नाही याबद्दल. ज्या यंत्रणेने गोळ्या पुरवायच्या, रस्ता आणि गाडी द्यायची, माणसाचे गुपित राखायचे आणि रक्ताची तपासणी वेळेवर करायची, त्या यंत्रणेने आपले काम किती टक्के केले, हे रुग्णाच्या पत्रकात कोठेही उमटत नाही. मोजमाप एकाच बाजूचे होते, आणि एकाच बाजूचे मोजमाप नकळत आरोपपत्र बनते.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, औषधांच्या नियमिततेचा आग्रह हा डॉक्टरांचा हट्ट नव्हे. एचआयव्हीवरील आजची औषधे विषाणूला शरीरातून हुसकून लावीत नाहीत. ती त्याची वाढ रोखून धरतात. औषधाची रक्तातील पातळी वरचेवर खाली जाऊ लागली की विषाणू पुन्हा वाढू लागतो, आणि त्या वाढीतच औषधाला दाद न देणारे त्याचे वंशज निपजतात. मग पहिल्या फळीची औषधे निरुपयोगी होतात. दुसरी-तिसरी फळी अधिक महाग, आणि तिच्यापुढे वाट फारशी उरत नाही. उलट औषधे नियमित घेतली गेली, तर माणूस इतरांसारखे आयुष्य जगतो, कष्ट करतो, संसार करतो. रक्तातील विषाणूचे प्रमाण तपासणीत आढळू नये इतके खाली राहिले तर लैंगिक संबंधातून त्याची लागण दुसऱ्याला होत नाही, हेही आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. तेव्हा गोळी चुकली काय आणि न चुकली काय, असे म्हणणारा कोणीही रुग्णाचा मित्र नव्हे.

ही औषधे गरिबाच्या हाती आली तीही सहजासहजी नव्हे. ज्या काळी श्रीमंत देशांत वर्षभराच्या उपचाराला दहा हजार डॉलरच्या घरात खर्च येई, त्या काळी, २००१ मध्ये, मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा हाच उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. कंपनीने दाखवलेल्या धाडसाचे श्रेय तिला द्यावेच. परंतु ते धाडस शक्य झाले ते १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यामुळे. औषधाच्या रेणूवर मक्तेदारी न देता केवळ ते तयार करण्याच्या पद्धतीवर पेटंट देणारा तो कायदा होता. २००५ च्या दुरुस्तीने ती सवलत संपली, तरी तोवर जगाला स्वस्त औषधांचा रस्ता दिसलेला होता. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने निवडक शासकीय रुग्णालयांत ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्या पहिल्या रुग्णालयांपैकी एक. २०१७ पासून, लागण आढळली की ताबडतोब औषधे सुरू करावीत, असे धोरण आले. आज बहुतेक प्रौढ रुग्णांना तीन औषधे एकत्र असलेली एक गोळी दिवसातून एकदा घ्यावी लागते. एवढी मजल मारली गेली, ती रुग्णांच्या संघटनांनी, डॉक्टरांनी आणि लोकहिताच्या कायद्याने मिळून. म्हणूनच शेवटच्या पायरीवर, म्हणजे गोळी माणसाच्या हाती रोज पोचण्याच्या पायरीवर, आपण काय मोजतो आणि काय मोजत नाही, याचा विचार राजकीय कार्यकर्त्यांनी केला पाहिजे.

नियमितता मोजतात तरी कशी? सर्वांत सोपी रीत म्हणजे विचारणे. गेल्या चार दिवसांत, गेल्या महिन्यात किती गोळ्या चुकल्या, असे समुपदेशक विचारतो. दुसरी रीत उरलेल्या गोळ्या मोजण्याची. तिसरी, रुग्ण औषधे न्यायला ठरल्या दिवशी आला की नाही, हे औषधांच्या नोंदवहीवरून पाहण्याची. चौथी यंत्राची. बाटलीच्या झाकणात एक इलेक्ट्रॉनिक चकती बसवतात आणि झाकण केव्हा केव्हा उघडले गेले याची नोंद ती ठेवते. ही रीत महाग, म्हणून बहुधा संशोधनापुरतीच. पाचवी, रक्तात, लघवीत अथवा केसांत औषधाचा अंश शोधण्याची. आणि शेवटची, विषाणूचेच रक्तातील प्रमाण तपासण्याची. ही ‘व्हायरल लोड’ तपासणी शासनाने फेब्रुवारी २०१८ पासून सर्व रुग्णांसाठी मोफत खुली केली.

यांतली एकही रीत निर्दोष नाही. विचारले तर माणूस विचारणाऱ्याला बरे वाटेल ते सांगतो. गोळ्या मोजायच्या असे कळले की उरलेल्या गोळ्या घरी ठेवून किंवा वाटेत फेकून रिकामा डबा आणणारे निघतात. झाकण उघडले म्हणजे गोळी गिळली असे नव्हे. औषध नेले म्हणजे घेतले असेही नव्हे. रक्ताची तपासणी खोटे बोलत नाही, पण ती कारणही सांगत नाही. विषाणू वाढला एवढेच ती सांगते, का वाढला ते नाही. यातून ध्यानात घ्यायचे ते इतकेच की, मोजणारा आणि मोजला जाणारा यांच्यात विश्वास नसेल, तर सर्व रीती फसतात. जेथे गोळी चुकल्याची कबुली दिली की बोलणी खावी लागतात, तेथे कबुली कोणी देत नाही, आणि कागदावर सर्वजण ९५ टक्क्यांच्या वर दिसतात. वास्तविक चुकलेली गोळी प्रामाणिकपणे सांगणारा रुग्ण हा त्या केंद्राच्या चांगुलपणाचा पुरावा मानला पाहिजे.

हा ९५ चा आकडा तरी कोठून आला? २००० साली अमेरिकेत ८१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इलेक्ट्रॉनिक झाकणांच्या साह्याने त्यात असे दिसले की, ९५ टक्के वा अधिक गोळ्या घेणाऱ्यांत उपचार फसण्याचे प्रमाण २२ टक्के होते. ८० ते ९५ च्या दरम्यान असणाऱ्यांत ते ६१ टक्के, आणि त्याखाली ८० टक्के. तेथून हा आकडा जगभर गेला आणि आपल्याकडच्या पत्रकांतही येऊन बसला. ती औषधे त्या पिढीची होती; रोज अनेक गोळ्या, ठरावीक वेळा, अन्नाचे नियम. आजची औषधे अधिक सोशिक आहेत, एखाद्या चुकीने ती कोलमडत नाहीत. तरीही आग्रहाची मर्यादा वर ठेवण्यात वैद्यकीय शहाणपण आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु मर्यादा म्हणजे देवाची रेघ नव्हे, हेही मान्य झाले पाहिजे.

आता हेच माप घेऊन आपण आहुप्याला जाऊ. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर हे गाव आहे. पुढे आहुपे घाटाची पायवाट सरळ ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातील खोपिवलीकडे उतरते. घोड नदी याच परिसरात उगम पावते. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची, शेती पावसाच्या भातावर आणि नाचणी-वरईवर, आणि रोख पैसा मिळतो तो हिरड्याचा. जो हिरडा देशभरच्या औषधांत जातो, तो या खोऱ्यातली माणसे झाडाखालून वेचतात. त्यांना स्वतःला औषध हवे असेल तर मात्र डिंभे धरणाच्या जलाशयाला वळसा घालून घोडेगावला, तेथून मंचरला, आणि तेथेही काम झाले नाही तर शंभर किलोमीटरहून अधिक अंतर तोडून पुण्याला जावे लागते. एड्सवरील संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९९२ मध्ये याच पुणे जिल्ह्यात, भोसरीला उभी राहिली. एकाच जिल्ह्यात भोसरीही आहे आणि आहुपेही. दोहोंमधले अंतर नकाशावर मोजता येते. रुग्णाला ते रोजगाराच्या बुडालेल्या दिवसांत मोजावे लागते.

आहुप्यात किंवा शेजारच्या कोणत्याही गावात एचआयव्हीबाधित कोणी आहे काय, असा प्रश्न आम्ही येथे विचारत नाही, आणि आमच्या कार्यकर्त्यांनीही तो विचारू नये. काही शे वस्तीच्या गावात ‘एक रुग्ण आहे’ असे म्हणणे म्हणजे त्याचे नाव सांगणेच होय. आम्ही आहुपे घेतो ते अंतराचे एक माप म्हणून. कार्यक्रम आखणाऱ्याने आपला नियम आहुप्याला लावून पाहावा. तेथे तो टिकला तर महाराष्ट्रात कोठेही टिकेल.

आता साधा हिशेब करू. रुग्णाला ३० गोळ्या दिल्या आणि दोन दिवस हाताशी ठेवून २८ व्या दिवशी बोलावले. भाताची लावणी चालू आहे, पाऊस लागला आहे, रस्त्यावर दरड आली आहे, गाडी आलेली नाही. तो ३२ व्या दिवशी पोचला. त्याने मिळालेली एकूण एक गोळी वेळेवर घेतली, एकही विसरला नाही. तरी ३२ दिवसांत ३० गोळ्या, म्हणजे ९४ टक्के. रेघेच्या खाली! शेजारच्या खुर्चीवर मंचरचाच एक दुकानदार बसला आहे. तो महिन्यात एकदा गोळी विसरला. त्याचा आकडा ९७. पत्रक म्हणते दुकानदार नियमित, शेतमजूर अनियमित. गणित बिनचूक आहे, आणि निष्कर्ष अन्यायाचा आहे. कारण या गणिताला विसरलेली गोळी आणि न मिळालेली गोळी यांतला भेद कळत नाही.

या खोऱ्यात एसटी काय आहे, हे ३० जुलै २०१४ रोजी उभ्या देशाने पाहिले. आहुप्याच्या याच पट्ट्यातले माळीण गाव पहाटे डोंगराखाली गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे दगावली, आणि गाव नाहीसे झाल्याची वार्ता बाहेर आली ती तेथे पोचलेल्या एसटीच्या चालकामुळे. एक गाडी हीच जेथे जगाशी जोडणारी दोरी, तेथे ती दोरी तुटली की काय होते? ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कामगारांचा संप चालला. कामगारांच्या मागण्यांमागचे दुःख खरे होते. वर्षानुवर्षे त्यांच्या वेतनाचा प्रश्न कुजवत ठेवणाऱ्यांनी तो संप ओढवून घेतला. पण त्या काळात राज्यातील आडगावांच्या रुग्णांनी आपली औषधे कशी आणली, जीपला किती पैसे मोजले, किती जणांनी एक खेप टाळली, हे त्यांच्या टक्केवारीत ‘रुग्णाची अनियमितता’ याच नावाने जमा होते.

आणखी एक गोष्ट. डिंभे जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले आहे; ते याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचे. या जलाशयाखाली मूळचे आंबेगाव गेले, ज्याच्या नावाने तालुका आहे ते गाव. धरणाचे पाणी कालव्यांनी पूर्वेकडे गेले आणि पाण्यामागे कामाच्या शोधात पश्चिमेची माणसेही पूर्वेला गेली. भात निघाले की मंचर, नारायणगावच्या बाजूला कांदा, बटाटा, द्राक्ष, टोमॅटोच्या कामाला टोळ्या जातात. मजूर चार-चार महिने दुसऱ्याच्या वावरात, खोपीत राहतो. त्याने औषधाचा डबा ठेवायचा कोठे? एका खोपीत आठ-दहा जण. डबा दिसला की प्रश्न, प्रश्नामागून संशय, संशयामागून टोळीतून उचलबांगडी. रात्री सर्वांची नजर चुकवून गोळी घेणाऱ्याला पुस्तकात ‘नियमिततेतील अडथळा’ असे कोरडे नाव आहे. एसटीत एचआयव्हीबाधितांना प्रवासाची सवलत आहे. ती चांगली आहे. परंतु गाडी आपल्याच खोऱ्यातल्या माणसांनी भरलेली असताना वाहकापुढे ते प्रमाणपत्र धरण्याची हिंमत किती जणांना होईल? सवलत कागदावर मोफत, आणि तिची किंमत अब्रूची.

असे असताना ‘गरीब, अडाणी माणसे औषधे वेळेवर घेत नाहीत’ ही समजूत सुशिक्षितांच्या बोलण्यात अजून सहज येते. ती नवी नाही आणि केवळ आपल्याकडचीही नाही. २००१ मध्ये अमेरिकी शासनाच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेचे तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनी जाहीरपणे असे मत मांडले होते की, आफ्रिकेतल्या पुष्कळ लोकांनी कधी घड्याळ पाहिलेले नाही, तेव्हा ठरल्या वेळी औषध घेणे त्यांना जमायचे नाही. लाखो माणसे मरत असताना औषधे न पाठवण्याचे हे समर्थन होते! पाच वर्षांनी, २००६ मध्ये, अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात आफ्रिकेतले २७ आणि उत्तर अमेरिकेतले ३१ अभ्यास होते. पुरेशी नियमितता राखणाऱ्यांचे प्रमाण उत्तर अमेरिकेत ५५ टक्के निघाले, आफ्रिकेत ७७ टक्के. घड्याळवाले मागे राहिले, बिनघड्याळवाले पुढे गेले. सूर्योदय-सूर्यास्तावर शेती करणाऱ्या माणसाला वेळ कळत नाही, असे मानणे हे अज्ञानाचे लक्षण आहे, आणि ते अज्ञान शेतकऱ्याचे नव्हे.

अलीकडे यंत्रांवर मोठी भिस्त ठेवली जाते. फोनवरून आठवण द्या, फोनवरून हजेरी घ्या. क्षयरोगाच्या कार्यक्रमात गोळ्यांच्या पाकिटाखाली लपवलेल्या क्रमांकावर मिस्ड कॉल द्यायचा आणि त्यावरून औषध घेतल्याची नोंद करायची, अशी एक पद्धत आपल्याकडे वापरली गेली. कल्पना हुशारीची आहे. पण फोन घरातल्या कर्त्या पुरुषाकडे असेल, किंवा डोंगराआड रेंज नसेल, तर गोळी घेतलेली बाई न घेतलेली ठरते. दक्षिण भारतात ६३१ एचआयव्हीबाधितांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दर आठवड्याला फोनवरून स्वयंचलित आवाजात आठवण दिल्याने उपचाराच्या यशात काहीही फरक पडला नाही. त्याआधी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या केनियातील चाचणीत मात्र आठवड्याच्या संदेशाचा उपयोग झालेला दिसला होता. तेथे संदेशातून ‘कसे आहात’ एवढेच विचारले जाई आणि अडचण आहे असे उत्तर आले की दवाखान्यातला माणूस परत फोन करी. दोन देशांच्या दोन चाचण्यांवरून मोठा सिद्धान्त मांडू नये. पण यंत्राने आठवण देणे आणि माणसाने विचारपूस करणे यांतला फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. हैतीत १९९८ पासून पॉल फार्मर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशय दरिद्री अशा डोंगरी भागात हे औषध पोचवले, ते गावातल्याच माणसांना सोबती म्हणून नेमून आणि त्यांना त्या कामाचे पैसे देऊन. सोबती औषध देई, बरोबरीने घरात धान्य आहे की नाही हेही पाही.

आता शासनाच्या बाजूचा रकाना भरून पाहू. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तो भेदभावाला बंदी करतो, संमतीवाचून रुग्णाची स्थिती उघड करण्यास मनाई करतो, तक्रारींसाठी राज्य पातळीवर लोकपालाची तरतूद करतो. हे सर्व स्वागतार्ह. परंतु कलम १४ मध्ये तपासणी आणि औषधोपचार पुरवण्याची जबाबदारी केंद्र व राज्य शासनांवर टाकताना ‘शक्यतोवर’ या अर्थाचे शब्द घातले आहेत. रुग्णांच्या संघटनांनी त्याच वेळी त्याला हरकत घेतली होती. ती ऐकली गेली नाही. वाचकांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. रुग्णाने आपले कर्तव्य पार पाडायचे ते ९५ टक्के. शासनाने आपले कर्तव्य पार पाडायचे ते शक्यतोवर! ‘मी शक्यतोवर गोळ्या घेतो’ असे एखादा रुग्ण समुपदेशकाला म्हणाला तर त्याला काय ऐकावे लागेल?

‘शक्यतोवर’चा व्यवहारातला अर्थ २०२२ मध्ये दिसला. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये एचआयव्हीबाधित माणसे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या दिल्लीतील कचेरीपुढे चाळीस दिवसांहून अधिक काळ धरणे धरून बसली. केंद्रांवर काही औषधे मिळत नाहीत, महिन्याऐवजी थोड्या दिवसांच्या गोळ्या देऊन परत पाठवतात, असे त्यांचे म्हणणे होते. देशपातळीवर तुटवडा नाही, असे शासनाचे उत्तर होते. देशपातळीवर असेलही. पण रुग्ण देशपातळीवर राहत नाही, तो गावात राहतो. राजधानीच्या गोदामात साठा आहे या वाक्याने आहुप्याच्या माणसाच्या रक्तातला विषाणू थांबत नाही. ज्याला सात दिवसांच्या गोळ्या देऊन पुन्हा बोलावले, त्याचा महिन्यात एकाऐवजी चार वेळा रोज बुडाला. एखादी खेप चुकली तर टक्केवारी त्याचीच घसरणार.

मोजणारे हातही आमच्याच वर्गातले आहेत, हे विसरून चालणार नाही. एआरटी केंद्रांतील समुपदेशक, औषधनिर्माते, तंत्रज्ञ यांतले बहुसंख्य वर्षानुवर्षे कंत्राटावर राबतात. गावपातळीवर ज्या आशा कार्यकर्तीच्या खांद्यावर प्रत्येक नवा कार्यक्रम टाकला जातो, तिला वेतन नव्हे, मोबदला मिळतो. त्यासाठी महाराष्ट्रातल्या आशांना २०२३ मध्ये संप करावा लागला. समुपदेशकाने एका दिवसात किती माणसांशी बोलायचे याला मर्यादा नसेल, तर तो गोळ्या मोजील आणि पुढच्याला हाक मारील. माणसाशी बोलण्यास त्याला वेळ उरणार नाही. ज्याची स्वतःची नोकरी दर वर्षी टांगणीला लागते, त्याने दुसऱ्याच्या आयुष्यात सातत्य निर्माण करावे, ही अपेक्षा क्रूर आहे.

यावर असे म्हटले जाईल की, तुम्ही सगळा दोष व्यवस्थेवर टाकून रुग्णाला जबाबदारीतून मोकळे करता. दारू पिऊन गोळ्या बुडवणारे नाहीत काय? बरे वाटले म्हणून औषध सोडून देणारे नाहीत काय? बुवा-भगतांच्या नादी लागणारे नाहीत काय? आहेत. ते गरिबांत आहेत आणि श्रीमंतांतही आहेत. त्यांच्याशी बोलले पाहिजे, पुन्हा पुन्हा बोलले पाहिजे, आणि त्यांच्या चुकीला चूकच म्हटले पाहिजे. मोजमाप सोडून द्या असे आम्ही म्हणत नाही. मोजणे सोडले तर सर्वांत आधी मरेल तो गरीबच. आमचे म्हणणे असे की, मोजमाप पुरे करा. गोळी का चुकली, या प्रश्नाचे उत्तर नोंदवताना ‘विसरलो’ आणि ‘मिळाली नाही’ हे दोन वेगळे रकाने करा. पहिल्याचा जाब रुग्णाला विचारा, दुसऱ्याचा शासनाला.

एतदर्थ काय करता येईल? स्थिर असलेल्या रुग्णाला एकदम तीन महिन्यांची औषधे द्यावीत. २०२० च्या टाळेबंदीत अनेक महिन्यांची औषधे एकदम देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले होते. संकटात जे जमले ते पावसाळ्यात आणि स्थलांतराच्या हंगामात का जमू नये? औषध नेण्याची सोय गावापासून शक्य तितक्या जवळच्या रुग्णालयात असावी, पण घराजवळच्या दवाखान्यात ओळखीची माणसे असतात म्हणून मुद्दाम दूर जाऊ पाहणाऱ्याला तीही मुभा असावी. निवड त्याची असावी. कामासाठी दुसऱ्या तालुक्यात गेलेल्याला तेथल्या केंद्रात कटकटीवाचून औषध मिळावे. प्रत्येक केंद्राने महिन्यातून किती दिवस कोणते औषध शिल्लक नव्हते, किती रुग्णांना कमी दिवसांच्या गोळ्या दिल्या, व्हायरल लोडचा निकाल किती दिवसांनी रुग्णाला कळवला, हे आकडे, नावे न घेता, जाहीर लावावेत. प्रवासाची सवलत अशा ओळखपत्रावर मिळावी की ज्यावरून आजार ओळखता येणार नाही. कंत्राटी कर्मचाऱ्यांना कायम करावे. आणि कायद्यातले ‘शक्यतोवर’ काढून टाकावे.

या मागण्यांपैकी बऱ्याचशा जिल्हा पातळीवर रेटता येण्याजोग्या आहेत, आणि तेथे आमच्या कार्यकर्त्यांना काम आहे. रुग्ण कोण, हे शोधत फिरण्याचे काम ते नव्हे. तसे करणारा कार्यकर्ता उपकाराच्या नावाखाली माणसाला गावातून उठवील. काम आहे ते रुग्णालयाच्या दारात उभे राहून साठ्याची चौकशी करण्याचे, बंद पडलेली गाडी चालू करून घेण्याचे, जिल्हा नियोजनाच्या बैठकीत हा प्रश्न मांडण्याचे, पंचायत समितीच्या सदस्याला तो समजावून देण्याचे. रस्ता, गाडी, रोजगार आणि रेशन यांच्यासाठी आपण जी लढाई एरवी लढतो, तीच या आजाराच्याही उपयोगी पडते; तिला वेगळा झेंडा लागत नाही. आणि कोणी विश्वासाने आपले गुपित आपल्यापाशी उघड केलेच, तर ते आपल्यापाशीच राहील, याची हमी प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःच्या वर्तनाने दिली पाहिजे.

येत्या पावसाळ्याच्या आत पुणे जिल्ह्यातील आमच्या शाखांनी एवढे एक काम करावे. जिल्ह्यातील प्रत्येक एआरटी केंद्रात गेल्या वर्षभरात कोणते औषध किती दिवस कमी पडले, याची माहिती माहितीच्या अधिकाराखाली मागवावी, आणि ती जशी मिळेल तशी या स्तंभाकडे पाठवावी. रुग्णाचा रकाना आजवर शासनाने भरला. शासनाचा रकाना आता आपण भरू.